किनाऱ्यावरच्या कातळांचे फोटो: वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत गोव्याच्या किनाऱ्यावरच्या खडकांचे फोटो काढणाऱ्यांची पत्रे जास्त आहेत. एकाच मुद्द्यावरची पत्रे एकत्र केली आहेत. ‘कोणता कॅमेरा घेऊ?’ एवढेच विचारणारी पत्रे बाजूला ठेवली, कारण बहुतेकांचे घोडे कॅमेऱ्यापाशी अडलेले नाही, वेळेपाशी अडलेले आहे.

हरमलच्या पुढच्या खडकाळ भागात संध्याकाळी जातो, तेव्हा निम्मे खडक पाण्याखाली असतात. दुपारी गेलो तर खडक उघडे, पण उजेड रखरखीत. दोन्ही एकत्र कधी जमेल? (पेडणे)

दिनदर्शिकेत तिथी पाहा, काम तिथेच सुरू होते. आपल्याकडे भरती-ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येला ओहोटीचा तळ संध्याकाळी पाच ते सहाच्या दरम्यान येतो आणि पहाटे पुन्हा त्याच सुमारास. अष्टमीच्या आसपास नेमके उलटे होते: ऐन सूर्यास्ताला भरती चढलेली असते. तुम्ही बहुधा अष्टमीच्या मागेपुढे जात असाल.

यातही पौर्णिमेपेक्षा प्रतिपदा आणि द्वितीया जास्त कामाच्या. कारण दोन आहेत. उधाणाचा (पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरती-ओहोटीचा) जोर पौर्णिमेनंतर एक-दोन दिवस टिकून असतो, त्यामुळे पाणी तितकेच खोल ओसरते. शिवाय तळाची वेळ सरकून सूर्यास्ताजवळ येते. डिसेंबरात गोव्यात सूर्य सहाच्या थोडा पुढे मावळतो, मे महिन्यात सातच्या जरा अलीकडे. म्हणजे हिवाळ्यात प्रतिपदा आणि उन्हाळ्यात द्वितीया, असा ठोकताळा धरायला हरकत नाही. तिथीला पाऊणने गुणले की भरतीची वेळ मिळते, हा किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशेबही चालतो, फक्त त्यात अर्ध्या-पाऊण तासाची चूक धरा. नक्की वेळेसाठी मुरगाव बंदराचा भरती-ओहोटीचा तक्ता बघा. दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या खोल नसतात, हे तक्त्यातल्या उंचीवरून लगेच कळते. नुसती वेळ पाहून निघालात तर फसाल.

उधाणाला आपल्याकडे पाण्याच्या पातळीत दीड ते दोन मीटरचा फरक पडतो, भांगाला (अष्टमीच्या आसपासच्या लहान भरती-ओहोटीला) त्याच्या निम्माही नाही. पाणी एकसारखे चढत नाही. तळानंतरच्या पहिल्या तासात एकूण चढाच्या बाराव्या हिश्शाइतके, दुसऱ्या तासात दोन हिस्से, तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी तीन हिस्से. १.६ मीटरचा चढ असेल तर पहिल्या तासात जेमतेम तेरा सेंटिमीटर, पण तिसऱ्या तासात चाळीस. सपाट वाळूवर चाळीस सेंटिमीटर म्हणजे पाणी पंधरा-वीस मीटर आत येते. म्हणून तळाच्या दोन तास आधी ओसरत्या पाण्यामागे जायचे आणि तळानंतर तासाभरात परत फिरायचे. ‘अजून एकच फ्रेम’ म्हणत दुसरा तास संपवणारे लोक अडकतात. पाळोळ्याच्या उत्तर टोकाच्या छोट्या बेटावर ओहोटीला चालत जाता येते. परतताना तेच पाणी छातीपर्यंत आलेले असू शकते, आणि हातात ट्रायपॉड असतो.

गोव्यात खरोखर प्राचीन म्हणावेत असे खडक कुठे आहेत? फोटोखाली काय लिहावे? (फोंडा)

‘लाव्हाचे खडक’ असे सरसकट लिहू नका. सह्याद्रीच्या बसाल्टची सवय असल्यामुळे काळा दगड दिसला की आपण लाव्हा म्हणतो, पण गोव्याच्या किनाऱ्याचा बराचसा पाया त्याहून कितीतरी जुना आहे. काणकोण भागात ग्रॅनाइट आणि पट्टेदार नाइस (उष्णतेने-दाबाने बदललेला खडक) आहे. हे आर्कियन काळातले, म्हणजे अडीच अब्ज वर्षांच्या घरातले आणि काही त्याहूनही जुने. पाळोळे, कोळंब, पाटणे या पट्ट्यात दिसणारे मोठे गोलसर धोंडे याच खडकाचे. ते समुद्राने घासून गोल केलेले नाहीत. खडकाला मुळात आडव्या-उभ्या भेगा होत्या, त्यांतून पाणी मुरले, कोपरे आधी कुजले आणि कांद्याचे पापुद्रे निघावेत तसे थर सुटत आतला गोळा उरला. लाटांनी फक्त भोवतालची माती धुऊन नेली. फोटो काढताना असा सुटत चाललेला पापुद्रा कुठे दिसतो का ते शोधा. एका धोंड्यावर तो दिसला तर दहा गुळगुळीत धोंड्यांपेक्षा ती फ्रेम जास्त सांगते.

हणजूण, दोनापावला, बोगमाळो इथे वेगळा प्रकार आहे: मेटाग्रेवॅक, म्हणजे समुद्रतळाशी साचलेल्या गाळाचा दाबाने बदललेला खडक. यात थर दिसतात, ते उभे-तिरके झालेले असतात आणि मधून गारगोटीच्या पांढऱ्या शिरा जातात. वागातोरच्या वरच्या कड्यांचा तांबडा दगड म्हणजे जांभा. तो भूशास्त्राच्या हिशेबाने अगदी अलीकडचा, त्याला ‘अब्जावधी वर्षांचा’ म्हणू नका.

आणि काळा दगड? तोही आहे. फिकट खडकातून सरळ भिंतीसारखी जाणारी काळी पट्टी दिसली तर ती डाईक. भेगेत घुसून थिजलेला शिलारस. गोव्याच्या किनाऱ्यावरच्या अशा डाईकांचे वय सुमारे ६.३ कोटी वर्षे निघाले आहे, म्हणजे त्या मात्र दख्खनच्या लाव्हाच्या नातेवाईक. अब्जावधी वर्षांच्या खडकातून गेलेली सहा कोटी वर्षांची पट्टी एका चौकटीत घेता येते, आणि छायाचित्रकाराला यापेक्षा चांगला विषय किनाऱ्यावर सापडणे कठीण. तरीही लोक मावळत्या सूर्याकडे तोंड करून उभे राहतात.

माझ्या फोटोंत आकाश सुंदर येते आणि खडक नुसते काळे डाग. उजेड वाढवला तर आकाश पांढरे होते. (म्हापसा)

आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. संध्याकाळी समुद्राकडे कॅमेरा धरला की सूर्य समोर आणि खडकाची सावलीची बाजू तुमच्याकडे. कॅमेरा बदलून हे सुटणार नाही. नव्वद अंशांनी वळा. उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे तोंड केले की तोच उजेड खडकावरून आडवा जातो आणि प्रत्येक खाच, थर, शीर उठून दिसते. सूर्य क्षितिजापासून दोन-तीन बोटे वर असताना हा उजेड सर्वांत कामाचा. सकाळची गंमत वेगळी: सूर्य टेकडीमागून येतो, त्यामुळे कड्याखालचा किनारा बराच वेळ सावलीत राहतो. तो मऊ, निळसर उजेड डाईक आणि शिरांच्या जवळच्या फोटोंना चांगला, रुंद दृश्याला मात्र निर्जीव.

समोर सूर्य हवाच असेल तर दोन-दोन स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) अंतराने तीन फ्रेम घ्या आणि नंतर जोडा. पण लाट तीनही फ्रेममध्ये वेगळ्या जागी असते, म्हणून पाणी एकाच फ्रेममधले ठेवा आणि बाकीच्यांतून फक्त खडक व आकाश घ्या. नाहीतर पाण्यात भुते दिसतात. वरून काळपट होत जाणारा ग्रॅज्युएटेड फिल्टर सपाट क्षितिजाला ठीक, पण क्षितिजाच्या वर डोके काढणाऱ्या धोंड्यांची टाळकी तो काळी करतो. किनाऱ्यावरच्या खडकांसाठी तो घेऊ नका, पैसे वाचतील.

सूर्य बुडाल्यावर पंधरा-वीस मिनिटे थांबा. आकाश आणि खडक यांच्यातला फरक तेव्हा आपोआप कमी होतो आणि ओल्या कातळावर आकाशाचा रंग उतरतो. लोक मात्र सूर्य बुडाला की सामान आवरतात.

जांभ्याची अडचण निराळी आहे. त्याचा तांबडा रंग हिस्टोग्रामच्या (कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखाच्या) लाल भागात आधी उतू जातो, पण एकत्रित आलेख निर्धास्त दिसतो. तीन रंगांचे वेगळे आलेख लावून पाहा आणि लाल कडेला टेकला असेल तर अर्धा-पाऊण स्टॉप खाली या. रॉ फाइल घेत असाल तर रंगाचे तापमान नंतर बदलता येते. जेपेग घेणाऱ्यांनी ५५०० केल्व्हिन ठेवून पाहावे, ऑटोवर संध्याकाळचा जांभा उगाच फिका पडतो.

दहा स्टॉपचा एनडी (उजेड कमी करणारा गडद) फिल्टर घेतला. एक मिनिटाचे फोटो मऊ, धूसर येतात. फिल्टर खराब आहे का? (मडगाव)

असू शकेल, पण आधी बाकीचे तपासा. सर्वांत मोठा संशय वाळूवर. लाट परतताना ट्रायपॉडच्या पायाखालची वाळू खणून नेते आणि मिनिटभरात पाय दोन-तीन मिलिमीटर खचतो. डोळ्याला ते दिसत नाही, फोटोत दिसते. पाय रुंद फाकवा, वजन देऊन घट्ट लागेपर्यंत रोवा आणि एक-दोन लाटा जाऊ देऊन पुन्हा दाबा. कोरड्या वाळूवर प्रत्येक पायाखाली डब्याचे सपाट झाकण ठेवले तरी पुष्कळ फरक पडतो. मधला दांडा वर काढू नका. उंची हवी असेल तर पायाचा सर्वांत खालचा भाग आधी उघडा, म्हणजे सांध्याची कुलपे वाळू आणि खाऱ्या पाण्याच्या वर राहतात. वारा असताना दांड्याला पिशवी लटकवली तर ती झुलते आणि कंपन वाढवते. लटकवायचीच तर ती खाली जेमतेम टेकेल एवढी दोरी ठेवा.

क्रमही महत्त्वाचा. फिल्टर लावण्याआधी फोकस करा, लेन्स मॅन्युअलवर टाका, मग फिल्टर चढवा. इतक्या गडद काचेतून कॅमेऱ्याला फोकस सापडत नाही. लेन्समधले किंवा कॅमेऱ्यातले स्थिरीकरण ट्रायपॉडवर बंद ठेवा. आरशाचा कॅमेरा असेल तर मागची दृश्यखिडकी झाका, तिथून शिरलेला उजेड फोटोवर धुके आणतो. शटर दोन सेकंदांच्या टायमरवर.

अ‍ॅपर्चर एफ/२२ वर (म्हणजे लेन्सचे छिद्र फार लहान) नेऊ नका, विवर्तनाने (बारीक छिद्रातून उजेड पसरल्याने) सगळेच मऊ पडते. फुल फ्रेमवर २४ मिमी लेन्स एफ/११ ला असताना १.८ मीटरवर फोकस केला तर सुमारे ९० सेंटिमीटरपासून क्षितिजापर्यंत पुरेसे स्पष्ट येते. १६ मिमी असेल तर ८० सेंटिमीटरवर फोकस, आणि ४० पासून पुढचे सगळे. फार जास्त मेगापिक्सेलचा सेन्सर असेल तर फोकस थोडा पुढे न्या.

आता हिशेब. फिल्टरशिवाय १/१५ सेकंद येत असेल तर तीन स्टॉपने अर्धा सेकंद, सहा स्टॉपने सुमारे चार सेकंद, दहा स्टॉपने अडुसष्ट. आणि इथे मत सांगायचे तर खडकांसाठी दहा स्टॉप क्वचितच लागतो. मिनिटभरात पाण्याचे धुके होते आणि खडक त्या धुक्यात तरंगतात. दिसायला छान, पण सगळे फोटो एकसारखे. अर्धा ते एक सेकंद ठेवा आणि लाट परत फिरायला लागली की शटर दाबा. खडकाभोवतून ओघळणाऱ्या पाण्याच्या रेषा उमटतात आणि त्यांवरून कातळाचा उतार कळतो. तीन आणि सहा स्टॉपचे दोन फिल्टर पुरेत.

पोलरायझर जवळ असेल तर ओल्या खडकावर जरूर वापरा. खडकाकडे फार वरून किंवा अगदी सपाट न पाहता साधारण पस्तीस-चाळीस अंश खाली पाहिले की चकाकी सर्वांत जास्त मारली जाते आणि दगडाचा खरा रंग वर येतो. दीड ते दोन स्टॉप उजेड जातो, तो धरून चला. खूप रुंद लेन्सवर मात्र आकाशात एका बाजूला गडद डाग पडतो.

थर आणि डाईकांचे फोटो अभ्यासासाठी काढायचे आहेत. काही खास पद्धत? (डिचोली)

तीन फोटोंची सवय लावा: लांबून जागा ओळखता येईल असा, मधल्या अंतराचा, आणि मग जवळचा. जवळच्यात माप हवेच. काळ्या-पांढऱ्या सेंटिमीटरच्या खुणांची दहा सेंटिमीटरची पट्टी उत्तम, नसेल तर दहा रुपयांचे नाणे ठेवा, त्याचा व्यास २७ मिमी आहे. पेन, चप्पल, पाण्याची बाटली यांचे माप कुणालाच नक्की माहीत नसते. माप खडकाच्या पृष्ठाला चिकटून हवे आणि कॅमेरा त्या पृष्ठाला काटकोनात, नाहीतर जाडी चुकीची मोजली जाते. रुंद लेन्स कडेला ताणते, म्हणून ५० मिमी किंवा त्याहून लांब घ्या. डाईक कोणत्या दिशेने जाते ते होकायंत्रावर पाहून वहीत लिहा. फोनची दिशादर्शक सुई लोखंडी ट्रायपॉडजवळ चुकते.

कोरड्या खडकावर मिठाचा पांढरा थर असतो. बाटलीभर गोडे पाणी ओतले की शिरा उजळतात. पृष्ठ चमकू लागले तर पाणी किंचित सुकू द्या. शेवाळ किंवा कालवे खरवडून ‘स्वच्छ’ फोटो काढू नका, आणि नमुना म्हणून तुकडाही फोडू नका. फुटलेला भाग वर्षानुवर्षे पांढरा दिसत राहतो.

उसगाळीमळची कातळशिल्पे फोटोत दिसतच नाहीत. रेषांत खडू भरला तर चालेल का? (केपे)

अजिबात नाही. कुशावतीकाठचा तो जांभा सच्छिद्र आहे, खडूची पूड छिद्रांत बसते आणि खोदकाम झिजवते. ती चित्रे मुळात उथळ आहेत, डोक्यावर ऊन असले की सपाट होतात. सकाळी लवकर किंवा उन्हे कलल्यावर जा. दिवसा जायचे असेल तर छत्रीने सावली करा आणि बाजूने, जमिनीपासून वीतभर उंचीवरून, टॉर्च किंवा सुटा फ्लॅश आडवा मारा. पावसाळ्यात नदी तिथवर येते, तेव्हा जाऊ नका.

खाऱ्या हवेने लेन्सवर बुरशी आली. टाळायचे कसे? (वास्को)

मीठ आणि बुरशी ही दोन वेगळी दुखणी आहेत. मीठ हवेतला ओलावा ओढून घेते, म्हणून ते स्क्रू आणि संपर्कबिंदूंवर राहिले की गंज सुरू होतो. किनाऱ्यावर लेन्सवर तुषार पडले तर कोरड्या कापडाने पुसू नका, कण काचेवर ओरखडे काढतात. आधी फुंकणीने उडवा, मग गोड्या पाण्याने किंचित ओल्या मऊ कापडाने, शेवटी कोरड्याने. घरी आल्यावर त्याच रात्री कॅमेरा तसाच पुसा. ट्रायपॉडचे पाय उघडून नळाखाली धुवा आणि उघडेच वाळवा. दुसऱ्या दिवसावर ढकललेले काम पुढच्या महिन्यात कुलूप अडकल्यावर आठवते. लेन्स किनाऱ्यावर बदलू नका. वातानुकूलित खोलीतून किंवा गाडीतून उतरल्यावर कॅमेरा अर्धा तास बंद पिशवीतच राहू द्या, नाहीतर काचेवर बाष्प धरते.

बुरशी घरात वाढते, कपाटात. चामड्याच्या पिशवीत लेन्स ठेवणे तर सोडूनच द्या. झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि एक स्वस्त आर्द्रतामापक एवढे पुरते. दहा लिटरच्या डब्याला शंभर ग्रॅम जेल. काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांत ठेवा. तीसच्या खाली फार काळ गेला तर वंगण आणि रबर सुकते. जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये साधारण १२० अंशांवर दोन तास तापवून पुन्हा वापरता येते. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट असते, स्वयंपाकाच्या भांड्यांशी त्याचा संबंध नको. नारिंगी घ्या.

मोबाइलवर जमेल का? (साखळी)

आडव्या उजेडात, तळाच्या ओहोटीला, उत्तम जमेल. मुख्य लेन्सच वापरा. अतिरुंद लेन्सचा सेन्सर लहान असतो आणि संध्याकाळी खडकाचा पोत चिखलासारखा येतो. खडकावर बोट दाबून फोकस आणि उजेड कुलूपबंद करा, मग उजेड थोडा खाली ओढा. पाणी वाहते दाखवायचे तर छोटा ट्रायपॉड लागेलच. फोन पाण्यात टिकतो अशी जाहिरात असली तरी ती चाचणी गोड्या पाण्यातली असते. खाऱ्या पाण्यात बुडवू नका, आणि चार्जिंगचे छिद्र पूर्ण सुकल्याशिवाय वायर लावू नका.

निर्जन किनाऱ्यावर एकट्याने जावे का? पायात काय घालावे? (काणकोण)

एकट्याने नको. बटरफ्लायसारख्या किनाऱ्यावर होडीने जाणार असाल तर परतीची वेळ नाखव्याशी आधीच पक्की करा आणि ती सूर्यास्ताच्या किती नंतरची आहे ते स्पष्ट बोला. बहुतेक होड्या अंधाराआधी परततात, तुम्हाला हवा असलेला उजेड तेव्हाच असतो. आडबाजूला फोनला रेंज नसते. घरी जागा आणि परतीची वेळ सांगून जा.

खडकावर उतरण्याआधी पंधरा-वीस मिनिटे वर उभे राहून समुद्र पाहा. लाटा गटाने येतात, आणि मोठा गट मधल्या शांततेनंतर येतो. जो खडक ओला दिसतो तिथे लाट पोचते, मग तुम्ही पाहत असताना ती आली नसली तरी. हिरवे शेवाळ सगळ्यांनाच दिसते. पाण्याच्या रेषेवरचा काळपट पट्टा जास्त घसरडा असतो, तो नुसता ओला दगड वाटतो. रबरी स्लिपर बाद. खोल खाचांचा, घट्ट बसणारा बूट घाला. कालव्यांच्या कडा पात्यासारख्या असतात, हात टेकताना हातमोजा असलेला बरा. जांभ्याच्या कड्याखाली पावसाळ्यात आणि त्यानंतरचा महिनाभर उभे राहू नका. खालचा भाग लाटांनी पोखरलेला असतो आणि वरचा चिरा न सांगता सुटतो. जून ते सप्टेंबर खडकावर उतरूच नका, वरून टेलिलेन्स लावा.

आकाशगंगेखाली खडक कधी मिळतील? (पणजी)

पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरात. आकाशगंगेचा गाभा तेव्हा साडेसातच्या सुमारास नैर्ऋत्येला, समुद्रावर असतो आणि महिन्याच्या मध्यावर साधारण दहाच्या सुमारास मावळतो. फेब्रुवारी-मार्चच्या पहाटे तो आग्नेयेला, म्हणजे जमिनीकडे उगवतो, त्यामुळे समुद्राची चौकट तेव्हा मिळत नाही. अमावास्येला मात्र साडेसातला पाणी दोन तास चढलेले असेल. द्वितीयेला चंद्रकोर लवकर मावळते आणि ओहोटीही खाली असते, तो दिवस धरा. २४ मिमीला वीस सेकंदांपुढे तारे रेघा होतात, मोठ्या छपाईसाठी बारा. खडकाची फ्रेम संधिप्रकाशात आधी घेऊन ठेवा आणि ट्रायपॉड न हलवता आकाशाची नंतर. हे वाळूवर जमत नाही, पाय कातळावरच हवेत.

आगोंद, गालजीबाग, मोरजी आणि मांद्रे इथे नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात. त्या काळात रात्री तिथे टॉर्च किंवा फ्लॅश अजिबात नको. उजेड दिसला की मादी अंडी न घालता परतते आणि पिल्ले समुद्राऐवजी उजेडाकडे वळतात. कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे.

ड्रोन चालेल का? (वास्को)

आधी डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाचा नकाशा उघडा. दाबोळीला नौदलाचा तळ आणि विमानतळ, मोपाला दुसरा विमानतळ, आणि पोळे गावाच्या पलीकडे कारवारचा नौदल तळ. त्यामुळे किनाऱ्याचा बराच भाग लाल किंवा पिवळ्या क्षेत्रात येतो. लाल क्षेत्रात केंद्राच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही, ड्रोन अडीचशे ग्रॅमच्या आतला असला तरी. हिरव्या क्षेत्रात मर्यादा चारशे फुटांची, पण खडकांच्या रचनेसाठी तीस-चाळीस मीटर पुरे, आणि त्या उंचीवरून डाईक कुठून कुठे जाते ते एका नजरेत कळते. समुद्राकडून वारा असेल तर जाताना बॅटरी जास्त जळते, त्यामुळे परतीचा हिशेब सोपा असतो. जमिनीकडून असेल तर उलटे, तेव्हा निम्मी बॅटरी संपण्याच्या बरेच आधी वळवा.